राखीव पैशाचा धनी कोण?

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची चढण सुरू होते. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गायी, किती कार्षापण दिले, याची मोजदाद त्यात आहे. राजघराण्याने काय दिले ते दगडावर कोरले गेले; ते कोणाकडून आले, याला तिथे जागा मिळाली नाही. सत्तेला आपला खर्च दान म्हणून सांगायला आवडते. आजचा अर्थसंकल्पही त्याच भाषेत मांडला जातो, आणि माझा आक्षेप तिथूनच सुरू होतो.

मे 2025 मध्ये आदिवासी विकास विभागाचे 335.70 कोटी आणि सामाजिक न्याय विभागाचे 410.30 कोटी रुपये ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यावर समर्थकांचे म्हणणे असे की, पैसे आदिवासी बहिणींच्याच खात्यात गेले, मग वळवले कसे?

या युक्तिवादाला नीट उत्तर दिले पाहिजे, कारण तो वरवर बिनतोड दिसतो. महिन्याचे 1500 रुपये आदिवासी बाईला मिळतात ते ती या राज्याची नागरिक आहे आणि उत्पन्नाच्या अटीत बसते म्हणून. हाच हक्क असलेल्या, पण राखीव वाटा नसलेल्या समाजांतल्या बाईचे पैसे सर्वसाधारण तिजोरीतून येतात. आदिवासी बाईचे मात्र तिच्याच समाजाच्या राखीव वाट्यातून कापले जातात. म्हणजे जे सर्वांना मिळते ते तिला मिळाले, पण त्यापोटी आश्रमशाळेचा आणि वसतिगृहाचा पैसा कमी झाला. याला वळवणेच म्हणतात.

हा वाटा कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. सुकथनकर समितीच्या शिफारशीनुसार 1993-94 पासून राज्याच्या योजनाखर्चातला 9 टक्के हिस्सा, लोकसंख्येच्या प्रमाणात, आधीच बाजूला काढून आदिवासी विकास विभागाच्या हाती देण्याची पद्धत महाराष्ट्राने स्वीकारली. त्याआधी प्रत्येक खाते आपल्या मर्जीने आदिवासींसाठी काही रक्कम दाखवत असे. ती मर्जी मोडून काढणे हाच सुधारणेचा प्राण होता.

पण निधीला कुलूप लावले की न्याय झाला, हेही मला मान्य नाही. राखीव पैसा मार्चअखेर अखर्चित राहतो आणि परत जातो; किंवा शेवटच्या आठवड्यांत घाईने उधळला जातो. इथे मला गोपाळ कृष्ण गोखले आठवतात, आणि त्यांच्यापाशी थोडे थांबायला हवे. 26 मार्च 1902 रोजी केंद्रीय विधिमंडळात ते अर्थसंकल्पावर बोलले, तेव्हा सरकार शिलकीचा अभिमान मिरवत होते. दोन भीषण दुष्काळ नुकतेच होऊन गेले होते. गणिताच्या या प्राध्यापकाने सरकारचेच आकडे हाती घेतले. रुपयाचा भाव चढल्याने सरकारचा विलायतेतला खर्च हलका झाला, तरी कर मात्र टंचाईच्या काळातलेच राहिले. शिल्लक उरली ती त्यातून, असे त्यांनी दाखवून दिले. प्रजा उपाशी असताना तिजोरी भरलेली असणे हा कारभाराचा गुण नसून दोष आहे, हा त्यांचा आग्रह होता. 1903 साली मिठावरचा कर घटला. गोखल्यांची कसोटी आज लावली, तर वळवलेला आणि अखर्चित, दोन्ही पैसा एकाच अन्यायाची रूपे ठरतात. ज्याचा पैसा, त्याला विचारलेच गेलेले नसते.

विचारायचे कसे, याची सोय कायद्यात आहे. ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या क्षेत्रात येतो, मुरबाडचा काही भागही येतो. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला, म्हणजे याच राखीव वाट्यातला, 5 टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो आणि त्याच्या खर्चाचा आराखडा ग्रामसभेने ठरवायचा असतो. अडचण आहे ती वेळापत्रकाची. दिवाळी झाली की कातकरी आदिवासी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. 26 जानेवारी आणि 1 मेच्या ग्रामसभा भरतात त्या नेमक्या याच काळात. अर्थसंकल्प मार्चमध्ये, खर्चाची घाई मार्चमध्ये, आणि वाडीवर उरतात म्हातारी माणसे. भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी मुंबईला देणाऱ्या शहापुरात उन्हाळ्यात टँकर फिरतात. ती तहान सोसणाऱ्यांचे म्हणणे आराखड्यात येणार कुठून?

खर्च कोणाच्या म्हणण्याने व्हावा, हा पेच वि. स. पागे यांनी महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेची रचना करताना ओळखला होता. 1977 च्या कायद्याने कामाची मागणी हाच हक्क ठरला. म्हणजे खर्चाला चालना मंत्रालयातून नव्हे, काम मागणाऱ्या मजुराकडून मिळणार होती. पैशासाठी व्यवसाय कराची तरतूद होती. कमावत्या शहराने खेड्यातल्या श्रमासाठी कर द्यायचा, यात उपकाराचा लवलेश नव्हता.

म्हणून मागणी दोन गोष्टींची. राखीव निधी विधिमंडळाच्या स्पष्ट मंजुरीशिवाय हलवता येणार नाही, असा कायदा महाराष्ट्राने करावा. आंध्र आणि कर्नाटकाने अशा उपयोजनांना एका दशकापूर्वीच कायद्याचे बळ दिले आहे. आणि पेसा गावांची आराखड्याची ग्रामसभा कुटुंबे भट्टीवर जाण्याआधी, घरे भरलेली असताना घ्यावी. यातल्या दुसऱ्या मागणीसाठी एक पैसाही लागत नाही. ती मान्य करायला सरकारने पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहू नये.