वळणावरचा जमाखर्च

माणसाने किती ताठ असावे, हा प्रश्न मला वयाच्या ४४ व्या वर्षी पडला, आणि तोही मी आडवा पडलेलो असताना. न्यू जर्सीतल्या एका मोटारतळावर धाकट्या भावाच्या मोटारीखाली मी पालथा पडून टॉर्च दाखवत होतो. त्याआधी मी बऱ्यापैकी ताठ होतो. ताठ माणसांना असले प्रश्न पडत नाहीत, ते इतरांना पाडतात.

२०२३ च्या जूनमध्ये बंधुराजांनीच तिकीट पाठवले म्हणून मी गेलो. (बँकेतला क्लार्क स्वखर्चाने अमेरिकेला निघाला तर पहिली चौकशी बँकच लावील.) बॅगेत शंकरपाळ्यांचा डबा, मेतकुटाची पुडी आणि दोहोंच्या मधे एक दोनशे पानी वही होती. आईचे खुब्याचे हाड मोडले त्या दिवसापासूनचा हिशेब तिच्यात होता. औषधे, दिवसाच्या बाई, आणि 'रात्री तीन वेळा उठावे लागले' अशा तारीखवार नोंदी. योग्य वेळ पाहून ही वही धाकट्यापुढे ठेवायची आणि 'आता बोल!' म्हणायचे, एवढाच माझ्या परदेशगमनाचा हेतू.

पण योग्य वेळ येईना. रविवारी त्याची ऑटोक्रॉस होती, आणि आदले दोन दिवस तो मोटारीखालून बाहेरच येईना.

ऑटोक्रॉस म्हणजे रिकाम्या मोटारतळावर नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखायची आणि एकेका गाडीने घड्याळाशी शर्यत करायची. फेरी साधारण मिनिटाभराची. शंकू पाडला तर दोन सेकंदांचा दंड. आपल्याकडे लक्ष्मी रोडवर हेच आपण रोज करतो. फक्त तिथे शंकू हलते असतात आणि शिव्या देतात.

भावाची गाडी १९९० सालची माझदा मियाटा. तांबडी, बुटकी, आसने दोनच. दोन आसनांची मोटार घेणारा माणूस आईला कुठे बसवणार, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो वहीत नोंदवण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "दादा, जरा टॉर्च धर."

गाडी वळताना कलते. तो कल आवरायला डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक लोखंडी कांब असते, तिला अँटी-रोल बार म्हणतात. तो ज्या वर्गात उतरतो तिथे स्प्रिंगा कारखान्यातल्याच ठेवाव्या लागतात. शॉक-ॲब्सॉर्बर बदलता येतात, आणि बार मात्र एकच, पुढचा किंवा मागचा. त्याने पुढचा जाड घातला होता.

"म्हणजे बार कडक केला की वळणावर चाकांवरचा भार कमी होतो," मी जाणकारासारखा म्हणालो.

"छे! आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जेवढं वजन जायचं, तेवढं जातंच. गाडी किती जड, तिचं वजन जमिनीपासून किती उंचावर, चाकांत अंतर किती आणि वळण किती जोरात, यावर ते ठरतं. बार घालून त्यात काडीचा फरक पडत नाही."

"मग बार कशाला?"

"त्यातलं पुढच्या जोडीनं किती सोसायचं आणि मागच्या जोडीनं किती, ते ठरवायला."

मी टॉर्च खाली ठेवला. हा तर सरळ जमाखर्च! एकूण बेरीज तीच, फक्त नावे कुणाच्या टाकायची एवढेच आपल्या हाती. पुढे तर त्याने माझ्या बी.कॉम.चाच विषय काढला. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड वाढते, पण दुपटीने नाही. घटत्या फलाचा सिद्धांत! अर्थशास्त्रात मला ४७ गुण मिळाले होते, आणि ते बहुतेक याच एका सिद्धांताचे होते. तेव्हा जोडीतल्या एका चाकावर सगळे लादले आणि दुसरे मोकळे सोडले, की जोडीची मिळून पकड कमीच भरते. कडक बार नेमके हेच करतो. म्हणून जी बाजू कडक कराल ती आधी घसरते.

मला वाटत होते, मऊ बाजू घसरते. आयुष्यभर तेच वाटत होते.

रविवारी पहिल्या फेरीत त्याची गाडी वळायचे सोडून नाकासमोर निघाली. नाकासमोर चालणे आमच्या घराण्यात गुण मानतात; तिथे त्याला एक शंकू पडला. मग टायरच्या कडेला लावलेले पांढरे बूट-पॉलिश किती घासले ते पाहिले, हवा दोन पौंड कमी-जास्त केली, आणि शेवटी बारच्या टोकाचा बोल्ट काढून बाहेरच्या भोकात घातला. अंगठ्याएवढे अंतर, पण तेवढ्याने बार मऊ होतो. पुढच्या फेरीत गाडीने शहाण्या सुनेसारखे वळण घेतले.

आपल्या फेऱ्या झाल्या की स्पर्धकांनीच मैदानात उभे राहून इतरांचे शंकू मोजायचे, असा तिथला नियम. प्रत्येक शंकूभोवती खडूची चौकट असते. शंकू उभा असेल आणि बुडाचा कोपरा रेघेला शिवत असेल तर माफ. भावाच्या प्रतिस्पर्ध्याने एक शंकू ढकलला. भाऊ धावला, वाकला आणि 'माफ' अशी खूण केली. त्या खुणेने त्याचा स्वतःचा नंबर एकाने खाली गेला. मी असतो तर इतका वाकलो नसतो. कमरेचे कारण सांगितले असते.

रात्री मी वही काढली. त्याने ती पहिल्या पानापासून वाचली. बँकेच्या इन्स्पेक्टरनेसुद्धा माझी खाती इतकी मन लावून पाहिलेली नाहीत.

"पैशांचं उद्याच बघतो," तो म्हणाला. "आणि दिवाळीपासून दोन महिने मी तिकडूनच काम करीन. पण दादा, हे 'रात्री तीन वेळा उठावे लागले'. कुणाला?"

मराठी ही फार सोयीची भाषा आहे. 'उठावे लागले' एवढे लिहिले की वाक्य पुरे होते, कोणाला ते विचारले तरच सांगायचे. दोनशे पानांत कुणी विचारले नव्हते.

"आमच्याकडे," मी म्हणालो.

"वहिनीला ना?"

अक्षर माझे, तारखा माझ्या, बेरजा माझ्या. रात्री सगळ्या हिच्या. इतके दिवस मी स्वतःला बाहेरचे चाक समजत होतो. मी बार निघालो. भार एका चाकावरचा उचलून दुसऱ्यावर टाकायचा आणि कडकपणे मधे उभे राहायचे.

परत आल्यावर दुसऱ्याच रात्री आईने हाक मारली. ही उठायच्या आत मी उठलो. दिवा लावला, आईला धरून नेले, आणले, पांघरूण घातले. तिने माझ्याकडे निरखून पाहिले.

"तू का रे उठलास? बरं नाही का तुला?"