प्रयोगवहींतील सत्य

विज्ञानाचें शिक्षण आणि नीतीचें शिक्षण हीं दोन निरनिराळीं खातीं आहेत, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून सर्वसाधारण समजूत असते. खरें बोलावें हें गोष्टींतून, सुभाषितांतून व वडीलमंडळींच्या धाकांतून शिकावयाचें. लंबकाचीं आंदोलनें तेवढीं प्रयोगशाळेंत मोजावयाचीं. परंतु विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या कोणी बारकाईनें चाळल्या, तर या दोन्ही खात्यांचा हिशेब एकाच पानावर चुकत असल्याचें त्याच्या ध्यानांत येईल.

लंबकाचाच प्रयोग घ्या. दोऱ्याची लांबी मोजावयाची, वीस आंदोलनांस लागणारा वेळ टिपावयाचा, आणि त्यांवरून गुरुत्वत्वरण काढावयाचें. पुस्तकांत ९८१ हा आंकडा छापलेला असतो. विद्यार्थ्याच्या हातीं ९६५ आला, तर पुष्कळदां तो दोरा पुन्हा मोजीत नाहीं. ९८१ पासून उलट गणित करून वेळेचे आंकडे ‘तयार’ करतो आणि पूर्ण गुण घेऊन घरीं येतो. यांतील मौज अशी, कीं ९८१ हा आंकडा मुळीं आपल्याकडचा नव्हेच. विषुववृत्ताकडे येतां येतां हें त्वरण थोडें कमी होत जातें. लंडनला तें ९८१ च्या आसपास असलें, तरी मुंबईस सुमारें ९७८.६ च भरतें. शाळेंतील दोरा व घड्याळ यांना एवढा सूक्ष्म फरक बहुधा दाखवितां यावयाचा नाहीं, हें खरें. पण ज्यानें उत्तर आधींच ठरवून ठेवलें, त्याला जगांतील कोणतेंही उपकरण कांहींच दाखवूं शकत नाहीं.

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल, “शाळकरी मुलें कांहीं नवे शोध लावीत नाहींत. त्यांचा आंकडा चुकला, तर ती हाताची चूक; निसर्गाचें रहस्य नव्हे.” शंभरांतून नव्याण्णव वेळां हें म्हणणें बरोबरच ठरेल. प्रश्न एवढाच, कीं ती शंभरावी वेळ ओळखावयाची कशी?

लॉर्ड रॅले या इंग्लिश शास्त्रज्ञावर ती वेळ आली होती. इ. स. १८९२ मध्यें ते नायट्रोजन वायूची घनता ठरवीत होते. हवेंतून मिळविलेला नायट्रोजन आणि अमोनियाच्या साह्यानें मिळविलेला नायट्रोजन यांच्या वजनांत त्यांना हजारांत सुमारें एक भाग एवढा फरक आढळला. इतका फरक पोटांत घालणें कोणासही सहज शक्य होतें. रॅले यांनीं उलट मार्ग धरला. फरक झांकावयाचा नाहीं, तो वाढतो कीं काय तें पाहावयाचें! त्यांच्या दुसऱ्या वायूंत हवेंतलाही बराच नायट्रोजन मिसळलेला असे. म्हणून त्यांनीं हवेऐवजीं शुद्ध प्राणवायु वापरून सगळा नायट्रोजन अमोनियांतूनच काढला. तेव्हां फरक दोनशें भागांत एक इतका झाला. एखाद्या हलक्या वायूची भेसळ तर नसेल ना, हेंही त्यांनीं तपासलें. वायु आठ महिने ठेवून पुन्हा तोलून पाहिला. अखेर लिटरमागें १.२५७२ ग्रॅम आणि १.२५०५ ग्रॅम यांतील त्या चिमुकल्या अंतरांतून आर्गॉन हा नवा वायु बाहेर पडला. इ. स. १८९४ मध्यें रॅले व विल्यम रॅम्से यांनीं तो जाहीर केला. हवेचा जवळजवळ शंभरावा भाग असलेला हा वायु तोंपर्यंत प्रत्येक मनुष्याच्या श्वासांतून ये-जा करीत होता!

त्यापूर्वीं शतकाहून अधिक काळ, इ. स. १७८५ मध्यें, हेन्री कॅव्हेंडिश यानें हवेंत प्राणवायु मिसळून व विजेच्या ठिणग्या पाडून तिच्यांतील नायट्रोजन संपवीत आणला होता. तरी एक बुडबुडा उरलाच. मूळ नायट्रोजनाच्या एकशेंविसाव्या भागाहूनही तो मोठा नव्हता. तो कशाचा, हें त्याला उलगडलें नाहीं. ‘कांहीं उरलें नाहीं’ असें त्यानें लिहिलें असतें, तर त्याला कोणीही दोष दिला नसता. पण त्यानें जें उरलें तें लिहून ठेवलें, आणि रॅले-रॅम्से यांच्या शोधाला ती जुनी नोंद साक्षीदार म्हणून उभी राहिली. न समजलेली गोष्टही जशीच्या तशी लिहून ठेवणें, हा प्रामाणिकपणाचा किती दुर्मिळ प्रकार आहे!

मुलाला प्रयोग शिकवावयाचा तो या वृत्तीसाठीं. त्याला मोठ्या उपकरणांची गरज नाहीं. मुगाला मोड येण्यास अंधार लागतो काय, एवढा प्रश्न स्वयंपाकघरांत पुरेसा आहे. एकाच डब्यांतले पन्नास-पन्नास दाणे मोजून घ्यावे, सारखेच भिजवावे, सारख्याच ओल्या फडक्यांत ठेवावे; एक वाटा झांकावा, दुसरा उजेडांत असूं द्यावा. उजेडांतला वाटा खिडकींतील वाऱ्यानें सुकला, तर एकाऐवजीं दोन गोष्टी बदलल्या आणि प्रयोग फसला, हें मुलानें स्वतःच हेरावें. किती लांबीचा अंकुर मोड म्हणून धरावयाचा आणि कोणता निकाल लागला असतां आपली समजूत खोटी मानावयाची, हें मात्र दाणे भिजविण्यापूर्वींच लिहून ठेवावें. प्रयोग म्हणजे निसर्गाला विचारलेला प्रश्न. आणि ज्या प्रश्नाला ‘नाहीं’ हें उत्तर येऊं देण्याची आपली तयारी नाहीं, तो प्रश्न नव्हे, हुकूम होय.

खोटे आंकडे लिहिणारें मूल जात्या लबाड असतें असें नाहीं. आपण उत्तराला गुण देतों व मार्गाला देत नाहीं, हें तें चटकन् ओळखतें. हेंच मूल पुढें रोग्याचें रक्त तपासील, पुलाचें काँक्रीट तपासील, आणि तेथें पुस्तकांतील आंकडा त्याच्या मदतीस धांवून येणार नाहीं. म्हणून वहींत ९६५ दिसला, तर शिक्षकानें व पालकानें लाल शाई उचलण्यापूर्वीं “हा कसा आला, सांग पाहूं,” असें विचारावें; आणि दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरावयाची राहिली होती, हें मुलानें स्वतः शोधून काढलें, तर त्याला ९८१ वाल्याहून अधिक गुण द्यावे.