बसलेला हात

"शंभरेक सायनस केले की हात बसतो. मग मोजमापांचं अवडंबर कशाला?" एका ज्येष्ठ सर्जनचं हे वाक्य कानावर पडलं, ते अजून खुपतं आहे.

नाकातून दुर्बीण घालून करायच्या सायनसच्या या शस्त्रक्रियेत वर मेंदू आणि शेजारी डोळा, हे सांगायला नको. पण ते 'वर' सगळ्यांचं सारखं नसतं. वासाचे चेतातंतू ज्या चाळणीसारख्या हाडातून उतरतात, ते हाड सायनसच्या छतापेक्षा खाली असतं. किती खाली, याचे शरीररचनातज्ज्ञ केरोस यांनी 1962 साली तीन गट केले: 1 ते 3 मिलिमीटर, 4 ते 7 आणि 8 ते 16. खोली जास्त, तितकी बाजूची भिंत उंच. आणि ही भिंत काही जागी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढीच जाड. एकाच माणसात डावी-उजवी बाजूही वेगळी निघते.

मग हात बसतो तो कुणाच्या नाकावर? बहुतेकांच्या. समोर झोपलेल्या माणसाच्या नव्हे. शंभर उथळ छतांखालून सुखरूप आलेला हात खोल छताशी नवशिक्यापेक्षा बेफिकीर असू शकतो. त्या सर्जनच्या वाक्यात याचं उत्तर नाही.

हात कशावर बसवायचा, हा प्रश्न जुनाच. सुश्रुतसंहितेत शिष्याच्या सरावाचा अध्याय आहे. कापायला कोहळा, भोपळा, काकडी. पण शलाकेनं पोकळी चाचपायला घुणानं खाल्लेलं लाकूड, बांबू, सुक्या भोपळ्याचं तोंड. चाचपणं ही कापण्याहून वेगळी विद्या आहे, हे तिथे किती स्वच्छ दिसतं! सायनसची शस्त्रक्रिया बव्हंशी चाचपण्याचीच.

आणि इथेच माझा मोजमापाचा आग्रह अडखळतो. हत्याराचं टोक कुठे आहे ते स्कॅनवर दाखवणाऱ्या नॅव्हिगेशन यंत्राची चूक एक-दोन मिलिमीटरची असते. भिंत त्याहून कितीतरी पातळ. 4 मिलिमीटरच्या दुर्बिणीतून दिसणारं चित्र सपाट, त्यावर रक्त. तिथे स्कॅनच्या अहवालातला आकडा हात थांबवत नाही. थांबायला हातच शिकलेला लागतो, एवढं त्या सर्जनचं मानावं लागेल.

म्हणून मोजायचं ते आकड्यासाठी नव्हे, हाताला शिकवण्यासाठी. रेसिडेंटनं रेडिओलॉजिस्टच्या अहवालावर न विसंबता सीटीवर दोन्ही बाजू स्वतः मोजाव्यात. देहदानातून आलेल्या मस्तकाचाही विच्छेदनाआधी स्कॅन काढावा, छत कुठे लागेल ते लिहून ठेवावं, मग उघडून पाहावं. अंदाज चुकलाच, तर तिथे कुणाची दृष्टी जात नाही.