पुढे आलेला राजा

भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळ रुजवलेल्या सांगलीत लहान मुलांची स्पर्धा चालू होती. पहिले चारही डाव जिंकलेला एक मुलगा पाचव्या फेरीला बसला. त्याचं हत्यार एकच, ‘फ्राइड लिव्हर’. इटलीत चारशे वर्षांपूर्वी खेळला गेलेला हा हल्ला. एफ-७ वर घोड्याचा बळी द्यायचा, राजाला उघड्यावर ओढायचं आणि एफ-३ वर वजीर आणून शह द्यायचा. आधीच्या चौघांचे राजे घाबरून जी-८ वर परतले होते आणि पुढच्या तीन चालींत मात झाले होते.

समोर एक लहानखुरी मुलगी होती. खुर्चीवरून पाय जमिनीला टेकत नव्हते. शह बसताच तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. डोक्याआधी हात पटावर जाऊ नये म्हणून. तिचा डी-५ वरचा घोडा उंट आणि वजीर दोघांच्या माऱ्यात होता. राजा मागे गेला तर घोडा जाणार, पाठोपाठ राजाही. चार मिनिटं गेली. मग तिने राजा उचलून पुढे, ई-६ वर, त्या घोड्याच्या पाठीशी ठेवला.

मुलाने दुसरा घोडाही चढवला. तिने आपला दुसरा घोडा बी-४ वर आणून पहिल्याला आणखी जोर दिला. इथे मुलाच्या घोकलेल्या चाली संपल्या. थांबून विचार करायचा सोडून तो दिसेल ते मारत सुटला. उंट गेला, घोडे गेले, दोन्ही वजीर गेले. मारामारी थांबली तेव्हा तिच्याकडे एक उंट जास्त होता, आणि वजिरांची भीती सरलेला तिचा राजा डी-५ वर, ऐन पटाच्या मध्यावर उभा होता.

डाव हरून मुलगा डोळे पुसत सरांकडे आला. “सर, ती चुकली होती. तिचा राजा उघड्यावर होता!”

सरांनी ती स्थिती पुन्हा मांडली. “चुकली होतीच. पाचव्या चालीला प्यादं मारण्याऐवजी घोडा ए-५ वर न्यायला हवा होता. पण राजा ई-६ वर काय करत होता, सांग.”

मुलगा बराच वेळ पटाकडे पाहत राहिला. “घोड्याला जोर देत होता.”

“तुझी सगळी तयारी पळणाऱ्या राजासाठी होती, बाळा. हा पळालाच नाही.”

तात्पर्य : चूक कुणाच्याही हातून होते. त्यानंतर जो पळतो तो आपल्या माणसालाही गमावतो आणि स्वतःलाही. जो पुढे येऊन त्याच्या पाठीशी उभा राहतो, तोच तरतो.