माझ्या डोक्याचं त्यांना काय करायचंय?

सोलापुरात सात रस्त्यावरच्या आमच्या घरी, रेशनकार्डाच्या पिशवीत एक सीडी आहे. आजीच्या मेंदूच्या एमआरआयची. ती गोष्टी विसरायला लागली तेव्हा काढलेली. आजीने जन्मभर विड्या वळल्या. आता तिला माझं नाव आठवत नाही, पण रिकामी बोटं मांडीवर विडी वळत असतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझी नोकरी ज्या ओपन सोर्स कोडवर चालते, तो अनोळखी माणसांनी फुकट देऊन ठेवलेला आहे. त्यामुळे ही सीडी एखाद्या खुल्या संग्रहाला द्यावी, असं मला वाटायला लागलं.

खुलेपणाने काय साधतं, हे फळमाशीने दाखवलंय. आपल्याकडे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये ओबेद सिद्दिकी, व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी या माशीला वास आणि चव कशी कळते, याचा अभ्यास रुजवला. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये 'फ्लायवायर' प्रकल्पाने प्रौढ माशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा प्रसिद्ध केला: १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातले पाच कोटींहून जास्त जोड. नकाशाचा कच्चा खर्डा संगणकाने केला, पण त्यातल्या चुका माणसांनी दुरुस्त केल्या. त्यात जगभरच्या प्रयोगशाळा होत्या, तसे घरबसल्या मदत करणारे हौशी लोकही होते. नकाशा आज कुणालाही उघडता येतो. एका प्रयोगशाळेच्या कुलपात हे काम झालंच नसतं.

माणसाच्या बाबतीत तर निकड जास्त आहे. मेंदूच्या संशोधनात एखादं स्कॅन 'सरासरी' मेंदूशी जुळवून बघतात. त्यासाठी जगभर वापरले जाणारे नमुने माँट्रियलच्या संस्थेने पाश्चात्त्य लोकांच्या स्कॅनवरून बनवलेत. २०१९मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीने १०० भारतीय तरुण-तरुणींच्या स्कॅनवरून आपला नमुना बनवला, तेव्हा आपला मेंदू सरासरीने आकाराने लहान भरला. म्हणजे आजीसारख्या बाईचा मेंदू जिच्याशी ताडायचा, त्या सरासरीत तिच्यासारखं कुणी नाहीच. सीडी कपाटात ठेवणं हाही एक निर्णय आहे आणि त्याची किंमत पुढच्या कुणाची तरी आजी मोजेल.

मग अडचण काय? ओळख पटण्याची भीती खरी आहे. २०१९च्याच एका अमेरिकी अभ्यासात एमआरआयवरून चेहरे उभे करून ते फोटोंशी जुळवले, तर ८४ पैकी ७० माणसं ओळखता आली. पण स्कॅनमधला चेहरा पुसता येतो. तो तांत्रिक प्रश्न आहे.

खरा प्रश्न आजीनेच विचारला. एका बऱ्या सकाळी मी म्हटलं, "आजी, तुझ्या डोक्याचे फोटो शिकणाऱ्या लोकांना देऊ का?" ती म्हणाली, "माझ्या डोक्याचं त्यांना काय करायचंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसणं हाच तर खुलेपणाचा अर्थ. कुणीही घ्यावं, कशासाठीही वापरावं. औषध शोधणारा घेईल, तसाच विमा कंपनीसाठी धोका मोजणाराही घेईल. संमती मात्र 'कशासाठी' हे कळल्याशिवाय पुरी होत नाही. खुलेपणाचं जे बळ, तेच इथे आडवं येतं.

माशीला कुणी विचारलं नव्हतं. कोड माझा असतो, म्हणून तो मी कशासाठीही देऊ शकते. आजीचा मेंदू माझा नाही.

म्हणून मला आता मधला रस्ता जास्त प्रामाणिक वाटतो. अल्झायमरवरच्या 'एडीएनआय' या २००४पासूनच्या प्रकल्पाची माहिती संशोधकांना मिळते, पण आधी अर्ज करून हेतू सांगावा लागतो. वेग थोडा कमी होतो. पण आजीच्या प्रश्नाला निदान कुणीतरी लेखी उत्तर देतं.

सीडी पिशवीतच आहे. स्वतःचं स्कॅन मात्र मी खुल्या संग्रहाला द्यायचं ठरवलंय. त्याचं काय करतील ते मला माहीत नाही, तरीही. असं न विचारता फक्त आपलंच देता येतं.