टेप कुणाच्या कमरेला लावायची?

येवल्यात बस्ता बांधायला आलेलं कुटुंब पैठण्या बघत बसलं, की कुणीतरी घरातल्या बायकांच्या अंगकाठीवर घसरतंच. अशाच एका दुकानात नवरीच्या मोठ्या बहिणीने मोरांचा पदर खांद्यावर टाकून बघितला आणि सोबतचे काका म्हणाले, "तोंडावर ताबा ठेव गं जरा, निऱ्या पुरायच्या नाहीत." ती हसली, पदर उतरवून गादीवर ठेवला आणि नंतर एकाही साडीला हात लावला नाही. काका स्वतः हडकुळे, हातापायाच्या काड्या. सदरा मात्र पोटावर ताणलेला. चहा बिनसाखरेचा मागवलेला.

मला संताप आला आणि तिथेच ठरवलं, की दुसऱ्याच्या वजनाबद्दल बोलणं थांबवा, एवढंच लिहायचं.

लठ्ठपणा वाईट, हे कुणाला सांगायची गरज नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदय, गुडघे ही यादी सगळ्यांना पाठ आहे. झोपेत श्वास अडकणं, यकृतावर चरबी साठणं, गर्भाशयाच्या अस्तराचा आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग हे तिच्यात क्वचित येतात, तेही घालून ठेवू. वाद तिथे नाही. अंग किती आहे आणि चरबी कुठे आहे, हे दोन वेगळे प्रश्न आपण एकच समजतो, वाद तिथे आहे. मांडीवर, नितंबांवर कातडीखाली बसलेली चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पोटात, आतड्यांभोवती, यकृतात शिरलेली चरबी इन्सुलिनचं काम बिघडवते. पहिली लांबून दिसते, दुसरी सदऱ्याखाली लपते.

उंचीच्या मानाने वजन मोजणाऱ्या ज्या बीएमआयवर आपण माणसं जोखतो, ते सूत्र बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञाने १८३२ साली मांडलं. त्याला समाजाचा सरासरी माणूस शोधायचा होता, रोगी शोधायचा नव्हता. या सूत्राची मर्यादा दाखवणारा उत्तम पुरावा आपल्याच पुण्यातला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांची मापं २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनाच्या हिशेबात दोघे सारखेच सडपातळ होते.

याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा मागोवा घेतला. त्या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंत, पोटातल्या अवयवांत कमी भरली, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्यांनी बरीचशी राखली होती. म्हणजे बारीक दिसणाऱ्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त, ही आपली गोष्ट गर्भातच सुरू होते. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ वर जास्त वजन आणि २५ वर लठ्ठपणा मानतात. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटीमीटर आणि बाईचा ८० सेंटीमीटर ओलांडला, की धोका धरतात.

आता काकांच्या ताब्याकडे येते. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला धडपडतं. भूक वाढते, ऊर्जेचा खर्च घटतो. ज्याच्यातून चरबीच पोटभरीचा निरोप मेंदूला धाडते, तो लेप्टिन नावाचा संप्रेरक १९९४ साली सापडला, तेव्हापासून निव्वळ मनोनिग्रहाची ही भाषा शास्त्रात टिकत नाही. खाणं आवरून अनेकांना गुण येतो, हे मी नाकारत नाही. पण ज्याला येत नाही त्याला ढिल्या मनाचा ठरवायला काकांकडे कसलाही आधार नाही.

ताबा कशाला म्हणतात ते बघायचं तर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर बघावा. पायाखाली पावड्या, हातात धोटा, फणीचा ठोका. पदरावर आलं की धोटा बाजूला पडतो. मोराच्या मानेच्या रंगाची कांडी वेगळी, पिसाऱ्याची वेगळी, आणि बोटं एकेक तार मोजत पुढे सरकतात. एका साडीला महिना लागतो, भरजरी असेल तर कित्येक महिने. याच्याइतका स्वतःवर ताबा असलेला माणूस मला दाखवा. पण मान खाली, पाठ वाकलेली, मांड्यांना फारसं काम नाही. जेवणानंतर रक्तातली साखर ओढून घेणारी मोठी कोठारं म्हणजे हेच मांडीचे, पाठीचे स्नायू, आणि तीच इथे दिवसभर बंद राहतात.

हेच गाव संक्रांतीला बघा. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस येवला गच्चीवर राहायला जातं. हातात मांजाची आसारी, ढील देणं, खेचणं, कापलेल्या पतंगामागे या गच्चीवरून त्या गच्चीवर धाव. मिश्र भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी खाल्लेली साठीची माणसंही दिवसभर उभी असतात आणि त्याला व्यायाम म्हणावं असं कुणाच्या मनात येत नाही. मला हे तीन दिवस फार आवडतात. आनंदाने हलणारं शरीर कुणाच्या उपदेशाची वाट बघत नाही. पण चौथ्या दिवशी गच्च्या रिकाम्या. दोन हमरस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या विंचूर चौफुलीवरून, कांद्याचे ट्रॅक्टर आणि मालट्रक चुकवत, पहाटे चालायला कोण बाई निघेल? तिने चालावं असं वाटत असेल, तर आधी तिला चालायला जागा हवी.

इथवर आल्यावर मी ठरवलेला लेख पुढे जाईना. सगळ्यांनीच गप्प बसायचं तर त्या काकांना कोण सांगणार? त्यांचं पोट सगळ्यांनी बघितलं आणि बारीक आहेत म्हणून सोडून दिलं. त्या मुलीला नको तितकं बोललं गेलं, काकांना कुणी कधी काही बोललंच नाही. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींच्या घरातले लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. या गर्दीत काकांसारखे किती असतील! त्यांना मौनाचा काही उपयोग नाही. टोमणा बंद व्हायला हवाच, पण माप घेणं वाढायला हवं, आणि ते दिसण्यावर न ठेवता सगळ्यांचं व्हायला हवं.

त्यासाठी नवं काही उभारायचीही गरज नाही. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात कमरेच्या घेराचा रकाना आहेच. विणकराला मागावरून उठवून त्याचाही तो भरला जावा, आडत्याचा भरला जावा, दुकानात गादीवर बसणाऱ्यांचा भरला जावा. आणि त्याच घरातली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी सगळ्यांच्या शेवटी काय जेवते, तेही विचारलं जावं. पुण्याच्या त्या गावांत ज्या आया पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जास्त भरलेली निघाली. येवल्यातल्या पुढच्या पिढीचं पोट आवरायचं तर आज त्या मुलीच्या ताटात मेथी, अंडं, दूध वाढावं लागेल, आणि ते तिला घरातल्या मुलाच्या बरोबरीने, गरम असताना मिळावं लागेल.