फसलेल्या प्रयोगाचे ऋण

१८८९ साली पुण्यात निघालेली पशुरोगांची सरकारी प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरास गेली. तेथे एडवर्ड्‌स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांतून पुनःपुन्हा नेऊन लस सिद्ध केली. मैदानी देशी गुरांस ती मानवली. डोंगरी व विलायती गुरांस जड गेली. हा दोषही छापला गेला, आणि पुढच्यांनी सौम्य लशी शोधल्या. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले.

यशच तेवढे छापावे, हे आम्हांस म्हणूनच पटत नाही. प्रतिकूल शेरा फायलीत दडपण्याचा मोह आम्हां नोकरदारांस काय अपरिचित आहे! परंतु दडपलेला प्रयोग दुसरा कोणी अजाणता पुन्हा मांडतो, आणि तितकीच मुकी जनावरे पुन्हा मरतात. नियतकालिकांत जागा नसते, असे सांगतात. एका तक्त्यास जागा ती किती लागणार?